मेघाचा उंचवटा

डोळखांबच्या पुढच्या वाडीत मेघाच्या कामाचा सगळ्यांना अभिमान होता. ते काम काय, हे मात्र कोणाला धड सांगता येत नव्हतं. तिचे वडील सोमा वाशिंदच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत म्हणत, "शिशाच्या कणांची टक्कर बघती." टक्कर बघून मिळतं काय, असं कोणी विचारलं की डबा बंद करत म्हणत, "ते तिला ठाव."

मिळायचं ते क्षणभरही टिकत नसे. परदेशात जमिनीखाली, काही कोसांच्या वर्तुळात शिशाची अणुकेंद्रं समोरासमोर धडकतात. सूर्याच्या गाभ्याहून लाखपट उष्णता होते आणि केंद्रातले कणसुद्धा वितळतात. विश्व अगदी कोवळं होतं तेव्हा सगळंच असं वितळलेलं होतं. तो विस्तव कोणाला दिसत नाही. त्यातून उडालेले कण तेवढे डिटेक्टर टिपतो. मेघा कोलकात्याच्या एका संस्थेत बसून ते मोजायची आणि उलट्या पावलांनी त्या विस्तवाकडे जायची.

चार वर्षांनी आलेखात एक उंचवटा उभा राहिला. एका जातीचे कण अपेक्षेपेक्षा जास्त निघत होते. मार्गदर्शक खूश झाले, परिषदेत तिचं भाषण ठरलं. धाकट्या भावानं, प्रशांतनं, बातमी वाडीत पोचवली आणि विहारात सत्कारही ठरला.

घरी निघायच्या आधी मेघानं डिटेक्टरच्या एकेका भागाची मोजणी वेगळी काढून पाहिली. कोणी सांगितलं नव्हतं. तिलाच चैन पडत नव्हतं. उंचवटा एकाच भागातून येत होता. तिथं एकच कण दोनदा मोजला जात होता. बाकी सगळीकडे रेघ सपाट. तिनं संशोधनातल्या सगळ्या गटाला कळवलं, भाषण मागं घेतलं. प्रबंध वर्षभर लांबला. मार्गदर्शकांना सांगणं जमलं. बाबांना सांगणं जिवावर आलं.

ती घरी पोचली तेव्हा प्रशांत अंगणात फ्लेक्स उलगडत होता. 'विश्वाच्या जन्माचं कोडं सोडवणारी आपली कन्या.'

"हे लावू नको," मेघा म्हणाली, आणि उभ्याउभ्याच तिनं सगळं सांगून टाकलं.

"अगो ताई, छापून झालाय," प्रशांत म्हणाला. "फोटो पन चांगला आलाय तुजा. कोनाला काय कळतंय?"

"तुला नाय कळत म्हनून वाडीला नाय कळत व्हय रे?" उंबऱ्यात बसलेली चिमाबाई आत्या म्हणाली. "उद्या पंचशील म्हननार. खोटं बोलनार नाय म्हनायचं, नि मागं भिताडावर हा टांगायचा?"

"मग सत्कारच नको," मेघा म्हणाली.

सोमा अंगणातच उभे होते. कारखान्यात त्यांनी कोणाकोणाला सांगून ठेवलं होतं, ते मेघाला ठाऊक होतं. ती त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळत होती.

"चूक कोनी काढली?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"दुसऱ्या कोनाला दिसलेली?"

"नाय."

"तू गप बसली असतीस तर?"

"परिषदेत बोलले असते. कधीतरी कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. कदाचित आलंही नसतं."

सोमांनी फ्लेक्सची गुंडाळी करून प्रशांतच्या हातात दिली. "मंग सत्कार व्हनार," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, पंचशील झालं. सोमा माईकपाशी गेले. आयुष्यात कधी माईकवर बोलले नव्हते.

"पोरीनं शोध लावला म्हनून तुमाला बोलावलं. तो शोध खोटा निघाला. खोटा हाय हे तिनंच हुडकलं, नि तिनंच वर कळवलं. माजं बोलनं झालं."

मागच्या बायकांत कुजबुज झाली. "म्हंजे टाळ्या वाजवायच्या का नाय?"

"वाजवा की," चिमाबाई म्हणाली. "पोर आपली हाय."

टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि लवकर थांबेनात. मेघा उठून पुढं आली. ती बापापेक्षा वीतभर उंच. सोमांनी माईक तिच्या तोंडाशी येईल एवढा वर केला आणि बाजूला न जाता तिथंच उभे राहिले.

"मला एक उंचवटा दिसला होता," ती म्हणाली. "तो तिथं नव्हता. हे मला कसं कळलं, ते सांगते."