बाईंच्या वहीतला शेवटचा प्रश्न

तांबोळी बाईंची आणि माझी पहिली ओळख झाली, ती त्यांनी मला परत पाठवलं तेव्हा. नारायण पेठेत एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत त्यांच्या संस्थेचं कार्यालय होतं, आजही आहे. आपल्याकडची तरुण मुलंमुली सहा महिन्यांसाठी परदेशातल्या एखाद्या छोट्या गावी पाठवायची, तिथल्या कुटुंबात ठेवायची, तिथली शाळा, वाचनालय, नगरसभा जवळून बघायला लावायची आणि तिकडच्या मुलांना इथे आपल्या घरांत आणायचं, हे त्या संस्थेचं काम. दारावर पाटी होती : 'परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी प्रथम आपल्या वॉर्डातील सभेस जाऊन यावे.' मी ती वाचून मनातल्या मनात हसलो आणि आत गेलो.

"गाव कोणतं?" बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"हिंजवडीच्या पलीकडे."

"ग्रामसभा कधी असते तुमच्याकडे?"

मला माहीत नव्हतं. "मग तिकडच्यांनी विचारलं, तुमचं गाव चालतं कसं, तर काय सांगणार? पाऊसपाणी?" बाईंचा आवाज जराही चढला नव्हता. "आधी सभा बघून या. दार उघडंच असतं आमचं, जिना तेवढा अरुंद आहे."

मी चडफडत जिना उतरलो. पुढच्या महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेला जाऊन बसलो, आणि परत नारायण पेठेत गेलो तेव्हा बाईंनी चहा मागवला.

मेहरुन्निसा तांबोळी हे त्यांचं पूर्ण नाव, पण आम्हा सगळ्यांसाठी त्या फक्त बाई. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, ते पुढे भावाने चालवलं. संस्थेतून जाणाऱ्या प्रत्येकाला त्या दुकानात बांधलेली, खाकी पुठ्ठ्याची एक वही मिळे. बाईंची पद्धत अशी, की निघण्याआधी आपल्या गावातल्या किंवा आळीतल्या माणसांकडे जायचं आणि तिकडच्या लोकांना काय विचारू, ते त्यांच्याच अक्षरात त्या वहीत लिहून घ्यायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याचा प्रश्न आपण लिहायचा, खाली त्याचा अंगठा. परत आल्यावर पंधरा दिवसांत त्याच माणसांना एकत्र बोलवायचं आणि उत्तरं वाचून दाखवायची. ही सभा झाल्याशिवाय प्रवास संपला असं बाई मानत नसत. वहीत शेवटचा प्रश्न मात्र बाईंचा असे, प्रत्येक वहीत तोच : 'तिथे संध्याकाळी लोक कुठे बसतात?'

इकडे येणाऱ्या पाहुण्यांनाही त्या एका घरात टिकू देत नसत. पंधरा दिवस पेठेत, पंधरा दिवस बाईंच्या स्वतःच्या घरी, पंधरा दिवस आमच्यासारख्या गावात. पुणं म्हणजे एकच स्वयंपाकघर, असं समजून कोणी परत जायचं नाही, हा त्यांचा हट्ट. त्यांच्या घरी शिरखुर्मा खाऊन तृप्त झालेला एक पाहुणा दुसऱ्या आठवड्यात सदाशिव पेठेतल्या एका काकूंकडे सकाळच्या न्याहारीला तोच मागत बसला होता. काकूंनी बाईंना फोन करून कृती विचारली, आणि त्या दोघींची मैत्री आजतागायत आहे.

माझ्या वडिलांचा माझ्या जाण्याला विरोध होता. एकुलता एक मुलगा, आणि जमीन तर आधीच आयटी पार्कात गेलेली. बाईंना हे कळलं तशा त्या बस बदलत बदलत आमच्या घरी आल्या, ओसरीवर बसल्या आणि तासभर फक्त वडिलांचं ऐकत राहिल्या. शेवटी वडील म्हणाले, "बाई, पोरगं परत येनार हाय का, तेवढं सांगा."

"येईल. नाही आलं तर मी जाऊन आणीन. पासपोर्ट काढून ठेवलाय मी."

वडील मोठ्याने हसले. मग त्यांनी वही मागून घेतली आणि वेड्यावाकड्या, सावकाश अक्षरात लिहिलं : 'गाव शहरात गेल्यावर गावकी कोन बघतं?'

मी जर्मनीतल्या नदीकाठच्या एका छोट्या गावी राहिलो. माझ्या वडिलांनी विचारलेलं तिथे खरोखर घडून गेलेलं होतं. ते गाव कधीच शेजारच्या शहरात सामील झालं होतं, पण गावाची स्वतःची एक लहानशी समिती शिल्लक होती. हातात फारसे अधिकार नव्हते, तरी गावातलं झाड, रस्ता, मोकळी जागा यांचा काहीही निर्णय घेताना शहराला तिला विचारावं लागे. मी तिच्या सभांना बसलो. एका बाकड्याची जागा बदलायची की नाही, यावर माणसं दीड तास भांडली. मी ते सगळं वहीत उतरवलं, आणि त्या दिवशी वडील शेजारच्या खुर्चीत हवे होते, असं फार वाटलं.

आता जे सांगायचं आहे ते गौरवलेखात शोभणारं नाही, पण ते टाळलं तर बाईंबद्दल मी काहीच सांगितलं नाही असं होईल. परत आलो आणि मला खराडीत नोकरी लागली. वहीची सभा पुढच्या रविवारी, मग त्याच्या पुढच्या. पहाटे कंपनीची बस आणि घरी यायला अंधार. पंधरा दिवसांचे सहा महिने झाले. बाईंचा फोन येई : "अहो, उतरलं का तुमचं विमान? की अजून घिरट्याच घालतंय?" मी हसून वेळ मारून नेई. वडिलांनी एकदाच विचारलं, "वही कुठं हाय रं?" मी म्हटलं, "आहे, वाचू निवांत." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आमच्या गावच्या चिंचेचा पार, जिथे ते रोज संध्याकाळी बसत, त्याच सुमारास गाड्या लावायच्या जागेसाठी गेला. गावाला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारायला लावता येतं, हे गावात एकट्या मलाच माहीत होतं. तिसऱ्या वर्षी वडील गेले. मी वही बाईंच्या कपाटात ठेवून आलो आणि लाजेने नारायण पेठेची वाटच सोडली.

यंदा बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त हा ग्रंथ काढायचं ठरलं. गौरवसमितीने लेख मागितला, म्हणून मी इतक्या वर्षांनी तो जिना चढलो. बाईंनी ओळखलं, चहा मागवला, कपाटातून माझी वही काढून टेबलावर ठेवली.

"लेख नंतर लिहा. आधी सभा घ्या."

"बाई, ज्यांनी विचारलं तेच राहिले नाहीत."

"जे आहेत त्यांना बोलवा."

त्याच वेळी मी धीर करून त्यांना विचारलं, की पासपोर्ट काढून ठेवलेला, मग आपण कधीच का गेला नाहीत? दर वर्षी संस्थेच्या प्रमुखासाठी एक जागा असे, आणि दर वर्षी बाई ती कोणाला तरी देऊन टाकत, हे आम्हाला ठाऊक होतं. सुरुवातीला आईचं आजारपण होतं, मग सवय झाली, असं त्या म्हणाल्या. "जावंसं फार वाटायचं हो. भूगोल शिकवायचे ना मी. मग तुम्ही मंडळी येऊन सांगायला लागलात, आणि माझं जाणं होत राहिलं. तुम्ही सांगायला आला नाहीत, तेव्हा तेवढं गाव माझं बघायचं राहिलं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, की मी फक्त वडिलांचा अपराधी आहे.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या शाळेत सभा झाली. बाई दुखऱ्या गुडघ्यांनी आल्या आणि मुलांच्या बाकावर अवघडून बसल्या. वडिलांचा प्रश्न त्यांनीच वाचला, वडिलांनी लिहिला होता तितक्याच सावकाश. मी उत्तर वाचलं. वडिलांचे दोस्त तात्या पुढे सरकून बसले. "आत्ता सांगतूस व्हय?" ते म्हणाले. "बापाला सांगाया पायजे हुतं." मग वहीकडे बोट दाखवून म्हणाले, "शाळंमागची मोकळी जागा ऱ्हायली हाय अजून, ती तरी वाचंल. फुडच्या ग्रामसभंला ह्येच वाचून दाव."

शेवटी बाईंचा प्रश्न आला. मी सांगितलं, की तिथे लोक संध्याकाळी नदीकाठच्या बाकांवर बसतात. गेलेल्या माणसाच्या आठवणीत घरचे एखादं बाक देतात आणि त्यावर नाव कोरतात. ज्या घरी मी राहिलो तिथले आजोबा रोज माझ्यासाठी आपल्या शेजारी टोपी ठेवून जागा धरत. मी तिथे बसून पाण्याकडे बघायचो आणि मला आमचा चिंचेचा पार दिसायचा. आज त्या दोन्ही जागा एकसारख्याच आठवतात, आणि दोन्हीकडे मला परत जाता येत नाही. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. "हं," त्या म्हणाल्या, "दिसलं मला."

बाईंच्या कपाटात अशा न वाचलेल्या वह्या अजून आहेत. हा ग्रंथ हाती घेणाऱ्यांपैकी कोणाची त्यात असेल तर त्याने सत्काराच्या हारतुऱ्यांआधी ती घेऊन जावी, जिना अरुंद आहे एवढंच. बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे साथ देत राहोत, आणि रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी आपल्यापैकी कोणीतरी बसलेलं असो. त्यांना अजून पुष्कळ गावं बघायची आहेत.