मलम घालायचं की नाही

मुलगी झाली ती दुपारी. आदली सगळी रात्र कळांत गेली होती. तिला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा आनंद झाला, पण तो कुठेतरी लांबून येत असल्यासारखा. टाके घालून झाले आणि सिस्टर एक छोटी ट्यूब घेऊन आली.

"बाळाच्या डोळ्यांत मलम घालायचंय. बाळंतपणात आईकडून जंतू जातात कधी कधी, म्हणून. घालू ना?"

नवरा उशाशी उभा होता. "थांबा," तो म्हणाला. व्हाइटफील्डला जाता-येता, ऑफिसच्या कॅबमध्ये बसून त्याने गेले काही महिने हेच वाचलं होतं. "हिच्या सगळ्या तपासण्या नीट आल्यात. मग कशाला? पोरगी आत्ता कुठे डोळे उघडतेय. आपल्याला बघू दे तिला."

सासूबाई दारातूनच बोलल्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. त्यांच्या मराठीत कन्नड कुठे सुरू होतं ते त्यांनाही सांगता येत नाही. "मलम-बिलम बेडा, नकोच ते. घरी धरलेलं काजळ आणलंय मी. स्वल्प लावलं की झालं. माझ्या दोन्ही पोरांना तेच घातलं."

दोघांचा वाद सुरू झाला. सिस्टर ट्यूब धरून उभीच. शेवटी डॉक्टरबाई आल्या.

"तपासण्या नीट आहेत, त्यामुळे धोका फार कमी आहे," त्या म्हणाल्या. "अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी घालत नाहीत, आम्ही घालतो. नको असेल तर नको म्हणा, पण मग डोळे लाल झाले, पू आला, तर लगेच आणायचं. काजळ मात्र नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचं काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवऱ्याचं चूक नव्हतं. सिस्टरचंही नव्हतं. विचार करायला बळ हवं, तेच माझ्यात उरलं नव्हतं.

"घाला," मी म्हटलं.

तिचे डोळे दुसऱ्या दिवसापर्यंत चिकट आणि किंचित सुजलेले होते. नवरा दर थोड्या वेळाने वाकून ते बघत होता.

घरी आल्यावर काही दिवसांनी तिचा डावा डोळा गळायला लागला. सकाळी पापण्या चिकटलेल्या असत. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून मी त्या पुसायची. "मलमानेच झालं," सासूबाई म्हणाल्या. नवरा फोनवर शोधत बसला. सर्जापूर रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये पोरीला मांडीवर घेऊन दवाखान्यात पोचेस्तोवर माझंही मत तेच झालं होतं.

मुलांचे डॉक्टर तपासून म्हणाले, "मलमाचा संबंध नाही. अश्रूंची नळी अजून उघडली नाहीये, बऱ्याच बाळांत असतं हे. घातलं नसतं तरी झालं असतं." नाकाजवळच्या कोपऱ्यापासून खाली बोट कसं दाबत न्यायचं ते त्यांनी दाखवलं. मला हायसं वाटायला हवं होतं. मी फक्त विचारलं, "दिवसातून किती वेळा?"

मग दूध पाजलं की तो मसाज, हे सुरू झालं. सासूबाई काजळाचं बोट कपाळाच्या कडेला लावू लागल्या, डोळ्यांत नाही. ही त्यांची तडजोड.

पहिल्या मोठ्या लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "ताप येणारी साधी लस देऊ, की कमी दुखणारी?" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं.

"ह्या वेळी तू सांग," मी नवऱ्याला म्हटलं.

त्याने डॉक्टरांना दोन्हींबद्दल बरंच विचारलं. मग पुन्हा पहिलाच प्रश्न विचारला. बाहेर पुढचं बाळ रडत होतं. "सरी, ठीक आहे, साधी द्या," तो अखेर म्हणाला, आणि सुई टोचली तेव्हा त्याने मान फिरवली. परतताना कॅबमध्ये त्याने मला विचारलं, "बरोबर केलं ना मी?"

"माहीत नाही," मी म्हटलं. पोरगी आमच्या मध्ये कण्हत झोपली होती. पुढे काही महिन्यांनी, ती पालथी पडायला लागण्याच्या सुमारास तिचा डोळा गळायचा थांबला. नेमका कधी, ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.