देवकाबाईनं घातलेली आंघोळ

सौंसरात हेमंत डॉक्टरच्या दवाखान्यात मी मलमपट्टी करत होतो, अन् देवकाबाई आया होती. पंच्याऐंशी सालची गोष्ट. ऑपरेशनच्या आधी पेशंटले औषधाच्या पाण्यानं आंघोळ घालाचं काम तिचं. लोक हसत, 'आंघोळ घालाले काय अक्कल लागते?' लागते, बाप्पा! बादलीत औषध टाकलं का पाणी दुधावानी पांढरं होये. मंग ती पेशंटची नखं कापे, काखा, बेंबी, बोटांच्या फटी, सारं घासे. कोणी वरडलं तं म्हणे, 'आता वरडून घे. पू झाला तं जास्त वरडशील.' सात वर्षांत तिच्या हातच्या एकाचाही टाका पिकला नव्हता. नवरा मेलेला, दोन पोरी शाळेत. घर या नोकरीवरच चाले.

रघुनाथराव मास्तरांची सून नलिनी अपेंडिक्ससाठी भरती झाली. देवकाबाईनं तिले न्हाऊ घातलं, उकळून वाळवलेलं लुगडं नेसवलं, अन् बजावलं, 'आता आंगाले पाण्याचा थेंब लागू देऊ नको, बाई.'

ती खोलीबाहेर गेली, अन् सासू मनकर्णाबाईनं घरून आणलेला विहिरीच्या पाण्याचा गडू काढला. बौद्धवाड्यातल्या बाईचा हात लागला म्हणे! सारा गडू सुनेच्या आंगावर ओतला, अन् पोट आपल्याच पदरानं पुसलं. मी दारातच होतो. मनकर्णाबाई माह्या बायकोची मावशी. मले म्हणे, 'जावई, तुमी काही पाह्यलं नाही.'

ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी टाके पिकले. पोरगी तापानं फणफणून राह्यली होती. रघुनाथराव वरडले, 'तुमच्या आयानं नीट धुतलंच नाही!'

डॉक्टरनं देवकाबाईले बोलावलं. ती म्हणे, 'घासून घासून न्हाऊ घातलं, साहेब. पोरीलेच इचारा.' नलिनीनं सासूकडं पाह्यलं, अन् डोळे मिटले. तवा देवकाबाईनं माह्याकडं हात केला. 'मंग श्रीधरभाऊले इचारा. ते तं दारातच होते.'

सात वर्षं मी तिच्या डब्यातली भाकर खाल्ली होती. तिले वाटलं असंन, हा तरी खरं बोलंन.

'मी कामात होतो, साहेब. मले काही माहीत नाही.'

थू माह्या जिंदगानीवर!

'उद्यापासून येऊ नको,' डॉक्टर तिले म्हणाले. ती रडली नाही, भांडली नाही. पिशवी उचलून जाता जाता माह्यापाशी थांबली. मले वाटलं, आता शिव्या देते. देयाले पायजे होत्या.

'नलिनीची पट्टी दिवसातून दोनदा बदलजा, भाऊ,' ती म्हणे. 'जखम खोल हाय पोरीची.'