हळदीच्या गाण्यातली खरखर

वाळल्या पानावरून अळी सरकावी तसा तो आवाज आहे: बारीक, खरखरीत, थांबत थांबत पुढे जाणारा. एका हळदीच्या गाण्याच्या मधोमध तो कायमचा बसला आहे, आणि तो माझ्याच हातून उमटलेला आहे.

सटाण्याकडची माझी थोरली मावशी हळदीची गाणी म्हणू लागली की मांडवातल्या बायका हातातली कामं विसरत. काका गेले आणि ती गाणी मिटली. विधवेनं हळदीच्या पाटाजवळसुद्धा यायचं नाही, तिथे गाणं कुठलं? पुढच्या प्रत्येक लग्नात ती मागच्या ओट्यावर मेथी निवडत बसलेली मी पाहिली, आणि हळद लावायला मांडवात गेले.

एका डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती नाशिकला माझ्याकडे आली, तेव्हा तिचा आवाज कॉम्प्युटरवर साठवून ठेवायचा ध्यास मी घेतला. माइक आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "ताई, बाहेरचं साउंड कार्डही न्या, छोटीशी डबी असते. मदरबोर्डवरच्या साउंडवर गाणी ऐकावीत, रेकॉर्ड करू नयेत."

"का बरं?"

"कॉम्प्युटरच्या आत सगळे भाग एकाच खोलीत नांदतात हो. एकाची कुरकुर दुसऱ्याच्या कानावर जाणारच."

"आमच्या घरीही तसंच आहे. तरी कामाचं तेवढं ऐकू येतंच की!"

तो हसला, मीही हसले. स्वतःच्या वाक्यावर भाळण्याची माझी खोड जुनीच. अस्सल आवाजाला वेगळ्या डबीची गरज काय, असं आणखी एक वाक्य नुसता माइक घेऊन घरी पोचेपर्यंत रचून झालं होतं.

मावशीला आठ दिवस विनवलं. नवव्या दिवशी दुपारी तीच म्हणाली, "दार लाई ले. कोनी आयकी लई." कोणाच्या कानावर जाऊ नये म्हणून मी दार लावलं, पंखा बंद केला. खोलीत तिच्या डोळ्यातल्या औषधाचा वास होता. तिनं पदर सावरला आणि इतक्या वर्षांनी तो स्वर उघडला, किंचित फाटलेला, तरी ओला.

त्या गाण्यात नवरीचं नाव घालायची एक जागा येते. तिथे ती क्षणभर थांबली आणि तिनं स्वतःचं नाव घातलं. त्याच क्षणी, रेकॉर्डिंग चालू आहे ना, हे पाहायला मी माऊस हलवला.

गाणं संपलं. तिनं डोळे पुसले, म्हणाली, "आते दार उघड."

ती गावी परतल्यावर मी हेडफोन लावून ऐकलं. माऊस हलला त्या जागी दुकानदारानं सांगितलेली ती कुरकुर, ती खरखर होती, नेमकी तिच्या नावावर. एका सॉफ्टवेअरनं ती पुसून पाहिली. खरखरीबरोबर नावही पुसलं गेलं. मग मी ते साउंड कार्ड आणलं. कुंकवाच्या करंड्याएवढी काळी डबी; तिच्यातून माझा स्वतःचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू आला.

दुसऱ्या डोळ्यासाठी मावशी आली तेव्हा टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं. दार मीच लावलं.

"मावशी, तेच गाणं म्हण ना. त्या दिवशी नीट आलं नाही."

तिनं त्या डबीकडे पाहिलं, लावलेल्या दाराकडे पाहिलं. मग नव्यानं दिसू लागलेल्या डोळ्यानं, बराच वेळ, माझ्याकडे.

"परत? दार लाईसन?"