डावीकडचं चित्र

आपण दातांच्या डॉक्टरांकडे जातो, तोंड उघडतो, डॉक्टर साचा घेतात आणि आठवड्याभराने नवा दात बसवतात. मधल्या दिवसांत तो दात घडवतं कोण, हे विचारायचं कोणाच्या मनात येत नाही. आपल्या या गोष्टीतले गृहस्थ तो घडवायचे. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीशी लावलेल्या टेबलावर, डोळ्याला भिंग अडकवून त्यांनी सव्वीस वर्षं लोकांचे दात केले. सगळे त्यांना कवळीवाले म्हणत. ते मात्र स्वतःला छटांचे जाणकार समजत.

त्यात थोडं तथ्य होतं. दाताचा पांढरा म्हणजे एक पांढरा नव्हे. त्याच्या सोळा छटा असतात आणि त्यांची एक पट्टी असते. कवळीवाल्यांना त्या सोळांच्या अधेमधे आणखी दहा-बारा दिसत. निदान ते तसं सांगत. कोणी हसलं की त्यांची नजर आधी त्याच्या दातांवर जाई, मग चेहऱ्यावर. थोरल्या मुलाच्या लग्नाआधी व्याह्यांशी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी व्याह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की तुमचा वरचा डावा दात कोणीतरी घाईत केलेला आहे. व्याही त्यानंतर त्यांच्यासमोर तोंड मिटूनच हसतात.

तर अशा माणसाच्या घरी एके दिवशी भावाकडून एक खोकं आलं. भावाने माळा आवरायला काढला होता. त्यात जुना गेम कन्सोल निघाला, दोन रिमोटसारखे पॅड आणि एक पिवळ्या टोकाची वायर. टाकून देण्यापेक्षा तुमच्याकडे असू दे, म्हणाला.

खोकं उघडलं ते कवळीवाल्यांच्या सासूबाईंनी. त्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे राहायला आल्या होत्या आणि दिवसभर करायचं काय, या विचाराने वैतागल्या होत्या. नोकरीत असताना त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. भोकांनी भरलेल्या फळीसमोर बसून तीस वर्षं त्यांनी दोऱ्या खुपसल्या आणि उपसल्या होत्या. नातीने, म्हणजे कवळीवाल्यांच्या मुलीने, कन्सोल हॉलमधल्या टीव्हीला लावायला घेतला आणि मागच्या भोकात पिवळं टोक जाईना, तेव्हा सासूबाईंनी वॉकरवर रेलून ते एका हाताने बसवलं. अर्ध्या तासात त्यांना खेळ उमगला. एक टोपीवाला बुटका पळतो, खड्डा आला की उडी मारायची, पक्षी आला की वाकायचं. चार वाजेपर्यंत त्या तिसऱ्या टप्प्यावर पोहोचल्या होत्या.

तेवढ्यात कवळीवाले आले. चप्पल काढता काढता त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि दारातच थबकले.

"हे काय बघताय तुम्ही?"

"बघत नाहीये, खेळतेय," सासूबाई म्हणाल्या.

कवळीवाल्यांनी पडद्याजवळ नाक नेलं. बुटक्याच्या टोपीचा लाल रंग टोपीबाहेर ओघळत होता. आकाश आणि डोंगर यांच्या मधे राखाडी चिखल झाला होता. त्यांनी टीव्हीमागे हात घातला आणि पिवळं टोक उपसलं. पडदा काळा झाला.

"आई, या एका वायरमधून सगळे रंग आणि उजेड एकत्र कोंबलेले असतात. ते पुढे जाऊन वेगळे होईपर्यंत एकमेकांत मिसळतात. असं चित्र बघून डोळ्यांना वाईट सवय लागते."

"मला माणूस दिसत होता, खड्डा दिसत होता. आणखी काय दिसायला हवं होतं?"

"कड," कवळीवाले म्हणाले. "कड दिसायला हवी."

योग्य वायर येईपर्यंत खेळ बंद, असं त्यांनी जाहीर केलं. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे, असंही वर म्हणाले.

मग ते कामाला लागले. फोनवर त्यांना एक गट सापडला. त्यात त्यांच्यासारखेच सव्वाशे जण होते, सगळे मिळून जुन्या कन्सोलचं चित्र सुधारण्याच्या मागे लागलेले. गटाचे सर्वेसर्वा एक फ्रीज दुरुस्त करणारे गृहस्थ होते. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. गुरुजींनी सांगितलं, पिवळी वायर फेकून द्या, लाल-हिरव्या-निळ्या टोकांची घ्या; तिच्यात रंग वेगवेगळ्या वाटांनी जातात. कवळीवाल्यांनी ती मागवली. नऊ दिवसांनी आली. टीव्हीमागे वाकून त्यांनी भोकं शोधली. तीन भोकांची सोय त्या टीव्हीला नव्हतीच.

"वायर मागवायच्या आधी मागे बघितलं नव्हतंत का?" बायकोने विचारलं.

"नव्या टीव्हीवाल्यांना चित्राची पर्वाच नाही," ते म्हणाले. बायको उत्तर मिळालं असं समजून आत गेली.

मग वायर आणि टीव्ही यांच्या मधे बसणारी डबी आली. डबीने चित्र लखलखीत केलं, पण बटण दाबलं की ते चित्रापर्यंत पोहोचायला वेळ लागू लागला. सासूबाई उडी मारायच्या, बुटका जरा विचार करायचा, आणि खड्ड्यात पडल्यावर उडी मारायचा. दुसरी डबी आली. तिने वेळ कमी केला, पण बुटक्याला दोन्ही बाजूंनी ओढून जाडा केला. अडीच महिने गेले. शेवटी गुरुजींचा निरोप आला, की सपाट टीव्हीच्या नादी लागणं हीच मूळ चूक आहे. हे कन्सोल काचेच्या टीव्हीसाठी केलेले. जुना, डब्याएवढ्या पाठीचा टीव्ही शोधा, मागे तीन रंगांची भोकं असलेला.

तसा टीव्ही केशकर्तनालयात सापडला. केस कापून घेता घेता कवळीवाले खुर्चीत उलटे वळले आणि त्यांनी त्याच्या मागची बाजू पाहून घेतली. न्हावी म्हणाला, "न्या. पण आजच न्या, उद्या विचार बदलेल तुमचा."

टीव्ही तिसऱ्या मजल्यावर दोन हमालांनी आणला. कवळीवाले पुढे चालत 'सावकाश, काच आहे' म्हणत होते. वजन उचलण्याचं काम त्यांनी त्या दोघांवरच सोपवलं होतं. दुसऱ्या मजल्यावर टेकून एका हमालाने विचारलं, "आजकाल हे कोण बघतं?" त्यावर कवळीवाल्यांनी त्याला रंगांच्या वेगवेगळ्या वाटा समजावून सांगितल्या. हमालाने दुसऱ्याला खूण केली आणि उरलेला मजला दोघे न थांबता चढले.

टीव्ही आतल्या खोलीत ठेवला. त्यासाठी बायकोचं शिवणयंत्र गॅलरीत गेलं आणि मुलीचं टेबल भिंतीला उभं झालं. त्याच्या उजव्या अंगाला, तुलनेसाठी म्हणून, हॉलमधला सपाट टीव्ही आणून ठेवला. हॉलमध्ये बातम्यांच्या वेळी आता घरचे सगळे भिंतीकडे तोंड करून बसत.

काचेच्या टीव्हीचा एक कोपरा वाकडा होता. तो सरळ करायला टीव्ही दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी एक छोटी पेटी जोडली. पडद्यावर रंगांचे उभे पट्टे आणि चौकोनांची जाळी उमटली. स्क्रू पिळत त्यांनी चाळीस मिनिटांत कोपरा सरळ केला.

"काय खेळता?" निघताना त्यांनी विचारलं.

"अजून ठरवलं नाही," कवळीवाले म्हणाले. "ही पट्ट्यांची पेटी कुठे मिळेल?"

म्हाताऱ्याने पेटी त्यांच्या हातात दिली. "राहू दे ही तुमच्याकडेच. मी आता कामं बंदच करतोय."

त्यानंतर घरात आलेल्या माणसाची सुटका नव्हती. त्याला आतल्या खोलीत नेऊन दोन पडद्यांसमोर उभं करायचं आणि विचारायचं, कुठलं चांगलं? लोक बिचारे इकडे बघत, तिकडे बघत. उजवीकडचं म्हणालं की वीस मिनिटं व्याख्यान. समोरच्या दारच्या बाई हुशार; त्या विरजण मागायला आल्या की उंबऱ्यातूनच म्हणत, "डावीकडचं. एक चमचा पुरे."

दवाखान्यातही या वेडाचे शिंतोडे उडाले. जेवणाच्या सुट्टीत सुरू केलेली गटाची चर्चा सुट्टी संपली तरी चाले. एका शिक्षिकेच्या पुढच्या दाताची कॅप दोनदा परत आली. डॉक्टरांनी ती टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "बाजूच्या दातापेक्षा पिवळी दिसतेय. शेंबड्या पोरांना कळलं, बाईंना वर्गात चिडवतात."

"तुमच्या खोलीतला दिवा चुकीचा आहे," कवळीवाले म्हणाले.

"बाई माझ्या खोलीत राहत नाहीत."

तिसरी कॅप डॉक्टरांनी दुसरीकडून करून घेतली. कवळीवाल्यांनी ती पाहिली आणि चारचौघांत सांगितलं, की जमली आहे, पण योगायोगाने.

आता सगळं जुळलं होतं, म्हणून एका रविवारी सकाळी त्यांनी गटातल्या चौघांना घरी बोलावलं. स्वतः गुरुजी आले. कन्सोल सुरू झाला, काचेच्या पडद्यावर खेळाचं पहिलं पान आलं. निळं आकाश, टोपीवाला बुटका, खाली 'सुरू करा' अशी लुकलुकणारी ओळ. पाचही पुरुष पुढे सरकले. कवळीवाल्यांनी कामावरचं भिंग आणलं होतं. ते एकेकाने डोळ्याला लावलं आणि पडद्याला नाक टेकवलं.

"टोपी बघा," एक म्हणाला. "लाल तिथेच थांबतो."

"निळा तर काय," दुसरा म्हणाला.

गुरुजींनी भिंग काढून डोळे पुसले. अर्धा तास झाला. खालची ओळ लुकलुकत राहिली. बायकोने चहा आणून दिला, थंड झाल्यावर परत नेला. दारात वॉकर वाजला.

"कोणी सुरू करणार आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

"खेळणं हा वेगळा विषय आहे, आजी," गुरुजी समजुतीच्या सुरात म्हणाले.

सासूबाई आत येऊन पलंगाच्या कडेवर बसल्या, पॅड मांडीवर घेतला आणि बटण दाबलं. बुटका धावू लागला. मधला खंड त्यांच्या बोटांना जाणवलाही नाही. पहिला टप्पा गेला, दुसरा गेला. पुरुष ढगांच्या कडांबद्दल बोलत होते. चौथा टप्पाही पार झाला. पाचव्यात एक रुंद खड्डा आला आणि नेमके त्याच वेळी गुरुजी कोपरा सरळ आहे का ते तपासायला वाकले. बुटका खाली गेला.

"बाजूला व्हा," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या डोक्यातून पलीकडचं दिसत नाही."

मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी पॅड पुढे केला. "घ्या जावईबापू. तुमच्यामुळे झालंय सगळं. तुम्ही खेळा."

कवळीवाल्यांनी पॅड हातात घेतला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की हा आपण पहिल्यांदाच धरतो आहोत. बुटका चार पावलं गेला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा निघाला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो उडी मारून पक्ष्यावर आपटला आणि मग खड्ड्यात पडला. कवळीवाल्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना समोरचं चित्र स्पष्ट दिसत होतं आणि ते बघवत नव्हतं.

"बटण उशिरा लागतंय," ते म्हणाले.

गुरुजी जाणता माणूस. त्यांनी पॅड उलटा करून पाहिला. "ही पॅडची वायर मूळची नाही. बदललेली आहे."

"तरीच," कवळीवाले म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पाचही जण पॅडच्या वायरवर तुटून पडले. सासूबाई उठून कधी गेल्या, ते कोणी पाहिलं नाही.

पुढच्या बुधवारी कवळीवाले कामावर असताना आजी-नातीने कन्सोल उचलला आणि सासूबाईंच्या खोलीत, कपाटावर धूळ खात पडलेल्या छोट्या टीव्हीला पिवळ्या वायरने जोडला. आतल्या खोलीत कन्सोलवर कवळीवाल्यांनी धुळीपासून जपायला म्हणून एक कापडी आच्छादन घातलं होतं. नातीने त्याखाली बुटांचं रिकामं खोकं सारलं.

कवळीवाल्यांना काहीही कळलं नाही. कारण संध्याकाळी येऊन ते पट्ट्यांची पेटी जोडत, रंगांचे पट्टे आणि जाळी बघत, एखादा आकडा वहीत लिहीत. त्याला कन्सोल लागत नसे. रोज सकाळी मात्र ते आच्छादनावरची धूळ हलक्या हाताने झटकत. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी गुरुजींनी कन्सोलच्या तळाचा क्रमांक विचारला, तेव्हा आच्छादन निघालं.

ते खोकं हातात घेऊनच सासूबाईंच्या खोलीत गेले. तिथे बायको, मुलगी आणि समोरच्या दारच्या बाई पलंगावर दाटीवाटीने बसल्या होत्या. बुटका एका लोंबत्या पुलावर होता. मुलीने वर न बघता ओठांवर बोट ठेवलं. कवळीवाले दारात उभे राहिले. सासूबाईंनी पुलाच्या टोकाला एक लांब उडी मारली, पक्षी खालून गेला, आणि पडद्यावर नावांची यादी वर सरकू लागली. खेळ संपला होता. तिघींनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलंत?" सासूबाईंनी विचारलं.

"कडा फुटल्या आहेत," कवळीवाले म्हणाले. "लाल रंग पार बाहेर आला आहे."

"येऊ दे त्याला. कंटाळला असेल आत." त्यांनी पॅड लेकीच्या हातात दिला. "चल, आता तू."

कवळीवाले आपल्या खोलीत परतले. त्या संध्याकाळी त्यांनी गटावर लिहिलं, की पिवळ्या वायरवर खेळ शेवटपर्यंत खेळला जाऊ शकतो असं घरगुती पाहणीत आढळलं, परंतु ते ग्राह्य धरता येणार नाही. चौदा जणांनी पसंतीचा अंगठा पाठवला. पुढच्या महिन्यात गुरुजींनी त्यांना गटाचं ॲडमिन केलं.

हल्ली नवी माणसं त्यांचाच सल्ला घेतात. परवाच एका मुलीने विचारलं होतं, की वडिलांबरोबर सुट्टीत खेळायचंय, कुठली वायर घेऊ. कवळीवाल्यांनी तिला बहात्तर ओळींचं उत्तर लिहिलं, सोबत पट्ट्यांचे नऊ फोटो. तिचं पुढे काही आलं नाही. ती अभ्यास करत असेल, असं ते म्हणतात.