मेलबाहेर अडकलेला रिपोर्ट

कारंज्याला हायवेवर आमचं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. ऑर्डरी मेलवर येतात आणि मेल मी बघते. एक दिवस मेल आला, ‘तुमच्या कॅमेऱ्यातून सगळं पाहिलंय, घरच्यांना पाठवू.’ खोटं आहे हे कळत होतं, तरी मी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवली. मग तसे मेल रोजच यायला लागले. मेल उघडायचं मी टाळू लागले.

दिराने उपाय केला. अनोळखी माणसाचा मेल आला की त्यालाच आपोआप उत्तर जायचं, आधी ही लिंक दाबून खरे आहात हे दाखवा. दाबली तरच मेल आत.

“वहिनी, आता एकबी फालतू मेल येत नाई, पाहजा,” तो म्हणाला.

खरंच आला नाही. मला शांत झोप लागायला लागली.

त्याच सुमारास ह्यांच्या मानेला गाठ आली. नागपूरला डॉक्टरांनी सुईने नमुना घेतला. रिपोर्ट मेलवर येईल, असं लॅबवाल्यांनी सांगितलं. मी दुकानाचाच पत्ता दिला.

दिवस जात राहिले. मी सारखी मेल उघडायची, आत काही नसायचं. जी शांतता आवडली होती, तिचीच भीती वाटू लागली. लॅबला फोन केला की तिकडून एकच उत्तर, “पाठवलाय, मॅडम.”

हे काउंटरवर बसून मानेवर बोट फिरवत राहायचे. एकदा गिऱ्हाईक गेल्यावर हळूच म्हणाले, “रिपोर्ट आला ना व? तू माह्यापासून लपवून तं नाई राह्यली?”

“देवाशप्पथ नाई आला.”

“मंग माह्याकडं काऊन पाह्यत नाई तू?”

मी समोरची बिलं चाळू लागले. ह्यांच्याकडे पाहिलं की रडू फुटेल, ही भीती होती.

पुन्हा फोन लावला. या वेळी दुसरी मुलगी बोलली. “ताई, आमचे रिपोर्ट कम्प्युटर आपोआप पाठवतो. तुमच्याकडून लिंक दाबा म्हणून मेल आलाय. कम्प्युटर काय लिंक दाबणार? आणि आम्हाला अशा लिंक दाबायला मनाईच आहे. फसवणूक असते ना.”

बाहेर अडवलेल्या मेलची एक जागा असते, दिराने दाखवली होती, मी कधी उघडली नव्हती. ती उघडली. लॉटऱ्या, धमक्या, आणि त्यांच्या मधोमध ह्यांचं नाव. एवढ्या लबाड मेलांत पडलेला हा तरी खरा असेल ना, असंही मनात आलं. पण नाव, वय, सगळं बरोबर होतं. वाचायचा धीर होईना. ह्यांना हाक मारली. हे येऊन मागे उभे राहिले आणि आम्ही दोघांनी मिळून वाचलं.

कॅन्सर नव्हता. टीबीची गाठ होती. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतील, पण बरं होईल. हे तिथेच स्टुलावर बसले आणि मोठ्याने रडले. मीही.

दिराला म्हटलं, “भाऊजी, ते लिंकचं काढून टाका.”

“धमक्या पुन्हा चालू होतील, वहिनी.”

“होऊ द्या.”

झाल्या. आताही तसा मेल दिसला की छातीत धस्स होतं, पण मी तो पुसते आणि पुढचा उघडते.