परत आलेलं ताट

करंजीच्या सारणात वेलदोड्याची पूड पडली की नारायण पेठेतला तो नाताळ आठवतो आणि माझं डोकं फिरतं.

मी नुकतीच कॉम्प्युटर क्लासहून आले होते. आईने पाठवलेलं फराळाचं ताट घेऊन शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. ताटावरचा क्रोशाचा रुमालसुद्धा हललेला नव्हता.

“अहो, तुम्ही ख्रिस्ती. तुमच्या हातचं आमच्याकडे चालत नाही.”

दिवाळीत त्यांच्या चकल्या आम्हाला चालल्या होत्या! मला दार आपटायचं होतं. आईने मात्र ताट घेतलं आणि विचारलं, “असू दे. तुमचा गुडघा कसा आहे आता?”

पुढच्या नाताळात तिने पुन्हा ताट भरलं, आणि मलाच पोचवायला लावलं.

आज हडपसरच्या फ्लॅटमध्ये नव्या शेजाऱ्यांसाठी मी करंज्या मांडतेय आणि चरफडतेय. दार आपटायला आईने मला शिकवलंच नाही.